बाईंनी पाणी मागितलं

"शाल राहू दे. गुच्छ पुरे."

मेधाताई हे म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून कोथिंबीर निवडत होते. मेधाताई म्हणजे हॅम्बर्गमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष. टेबलाभोवती आम्ही पाच जणी होतो. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाला आठ दिवस उरले होते.

आदल्या आठवड्यात शाल ठरली होती. श्रीफळही ठरलं होतं. तेव्हा पाहुण्यांचं फक्त पद कळलं होतं. महाराष्ट्रातल्या एका कॉलेजच्या नव्या प्राचार्या इथल्या एका शिक्षणसंस्थेशी करार करायला आल्यात, एवढंच. मराठी बाई, प्राचार्या, आणि तीही आपल्या हॅम्बर्गात! मेधाताईंनी त्याच दिवशी ग्रुपवर सत्कार जाहीर करून टाकला. मग नाव कळलं. कांबळे. मग कॉलेज कळलं. मराठवाड्यातलं, आमच्या लोकांनी आमच्या पोरांसाठी उभं केलेलं.

"आता जाहीर केलंय तर करावं लागेल," स्वाती म्हणाली. ती मंडळाची सेक्रेटरी. "पण शाल आपण मागच्या वर्षी त्या गायिकेला दिली. सगळ्यांना तेच कसं देणार?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," मेधाताई म्हणाल्या. "आणि बोलू नये, पण हे प्राचार्यपद तरी... कोट्यातलंच असेल ना?"

"अहो मेधाताई, तिथं कॉलेजच अख्खं कोट्यातलं!" पलीकडची एक म्हणाली.

सगळ्या हसल्या.

मीही हसले.

हे सुरुवातीलाच लिहून टाकते. पुढे मी माझी बाजू सावरायला लागले तर तुम्हाला आठवण राहील. मी हसले. तोंडावर हात ठेवून नाही, चांगली खळखळून. त्या कॉलेजात मी पाच वर्षं शिकले. त्या कांबळे बाईंनी मला फिजिक्स शिकवलं. आणि मी कोथिंबिरीच्या काड्या मोडत हसले.

माझं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही. नऊ वर्षांपूर्वी मी मंडळात आले तेव्हा मेधाताई म्हणाल्या, "म्हणजे मराठाच ना तुम्ही?" मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. चहा छान झालाय म्हटलं. तेवढ्यावर नऊ वर्षं निघाली. माझा नवरा वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, शुक्रवारी घरी येतो. तो म्हणायचा, "झाकली मूठ सव्वा लाखाची. परदेशात कोण विचारतंय?" कोणीच विचारत नव्हतं, हे खरंय. विचारायची गरजच नव्हती. ज्यांनी त्यांनी आपापलं गृहीत धरलं होतं आणि मी त्या गृहीतात बिऱ्हाड थाटलं होतं. मुलीचं नाव तर त्याआधीच तन्वी ठेवलं होतं. कुठेही खपून जाईल असं.

मंडळाची एक ऑनलाइन यादी असते. प्रत्येक कार्यक्रमाआधी त्यात आपलं नाव लिहायचं आणि आपण कोणता पदार्थ आणणार ते लिहायचं. मसालेभात, अळूवडी, श्रीखंड. माझ्या नावापुढे नऊ वर्षं एकच पदार्थ आहे. कोशिंबीर. आमच्या घरातलं मला सगळं येतं, पण मी ते कधी नेलं नाही. कोशिंबिरीला जात नसते असा माझा समज होता.

"मग गुच्छ कोण देणार?" स्वातीनं विचारलं.

एकीला निवेदन होतं. एकीला मुलांचा नाच बघायचा होता. मेधाताई म्हणाल्या, मी प्रास्ताविक करतेय, सारखं सारखं मीच बरं दिसत नाही. मग सगळ्यांची नजर माझ्यावर आली.

"तू दे गं. तुम्ही तिकडच्याच ना, मराठवाड्याच्या," मेधाताई म्हणाल्या.

मी हो म्हटलं. घरी येताना ट्रेनमध्ये मला रडू आलं, आणि ते कशाचं हे त्या वेळी मला नीट कळलं नाही. आता कळतंय. मला आनंद झाला होता. गुच्छ माझ्या हातात येणार होता.

त्याचं असं आहे. मी चौथीला शाळेत पहिली आले. पाचवीत असताना शिक्षणाधिकारी साहेब गावात येणार होते आणि पहिल्या आलेल्या मुलीनं त्यांना फुलं द्यायची असं ठरलं. आईनं माझा फ्रॉक धुतला. पितळी तांब्यात निखारे टाकून त्याला इस्त्री केली. मी सकाळी सातपासून फाटकाशी उभी. हातात झेंडू आणि शेवंती, दोऱ्यानं बांधलेली. जीप दिसली तेव्हा गुरुजींनी माझी बाही धरली आणि मला रांगेतून मागे ओढलं. फुलं काढून दुसऱ्या मुलीच्या हातात दिली.

"साहेबांना फुलं हिच्या हातून नकोत," ते दुसऱ्या गुरुजींना म्हणाले. हळू पण म्हणाले नाहीत. नेहमीच्या आवाजात म्हणाले, खडू संपलाय म्हणावं तसं.

बाही खांद्यापाशी उसवली. घरी आईनं विचारलं, कशी उसवली? मी म्हटलं, खेळताना. माझ्या आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं ते. आईनं दिव्याशी बसून टाके घातले. तिला कळलं असणार.

ही गोष्ट मी पुढे फक्त एका माणसाला सांगितली. कांबळे बाईंना.

बाई तेव्हा पंचविशीच्या असतील. सायकलवरून यायच्या. कॉलेज म्हणजे तीन पत्र्याच्या खोल्या आणि एक लांब व्हरांडा. वस्तीतल्या घरटी एका माणसानं येऊन त्या व्हरांड्याचं काम केलेलं. माझी आई विटा वाहायला गेली होती, पोटुशी असताना. पोटात मी होते. बाईंना हे माहीत होतं. त्या म्हणायच्या, "तू तर ॲडमिशनच्या आधीपासून या कॉलेजात आहेस."

आमच्या कॉलेजात एक रीत आहे. नवा प्राचार्य आला की शाल नाही, श्रीफळ नाही, हार नाही. त्या वर्षी नव्यानं दाखल झालेल्यांपैकी एक जण पुढे येतो आणि तांब्याभर पाणी देतो. प्राचार्य सगळ्यांसमोर उभं राहून ते पितात. संपला सत्कार. ज्यांच्या हातचं पाणी गावात कोणी घेत नव्हतं, त्यांनी काढलेलं कॉलेज आहे ते. दुसरा कोणता सत्कार करणार?

माझ्या पहिल्या वर्षी नवे प्राचार्य आले. पाणी कोण देणार याची चर्चा चालली होती. बाईंनी मला बाहीवर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "जा. कोणी मागे ओढणार नाही."

मी गेले. पाणी अर्धं सांडलं. प्राचार्यांनी उरलेलं अर्धं प्यायलं. मी परत आले तेव्हा बाई रडत होत्या.

आणि गेल्या वर्षी त्या स्वतः प्राचार्या झाल्या. त्या व्हरांड्यावर आता तीन मजले आहेत. आठवीत असताना तिथल्याच वसतिगृहात भांडी घासून शिकलेली बाई त्या खुर्चीवर बसली. कोणीतरी मला व्हिडिओ पाठवला. परकर-पोलक्याच्या वयातली वाटावी इतकी बारकी एक मुलगी तांब्या घेऊन आली आणि बाईंनी घटाघटा पाणी प्यायलं. मी तो उ-बानमध्ये, इथल्या भुयारी रेल्वेत, उभी राहून पाहिला, आवाज बंद करून. शेजारी मराठी बोलणारं एक जोडपं होतं.

कार्यक्रम शनिवारी दुपारी होता. चर्चचा हॉल, भाड्यानं घेतलेला. बाहेर पाऊस, नेहमीसारखा. मी दाराशी गुच्छ घेऊन उभी. माझ्या मागे मेधाताई आणि स्वाती. नवरा त्या आठवड्यात कामासाठी तिकडेच राहिला होता. तन्वी पहिल्या रांगेत बसलेली. ती दहा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमधून देते.

बाई आल्या. पांढरी साडी, वरून कोणाचा तरी मागून आणलेला जाड कोट, केस पिकलेले. बाकी सगळं तसंच. वर्षातून एखाद-दोनदा फोन व्हायचा आमचा, पण पाहिलं मी सोळा वर्षांनी. त्यांनी छत्री मिटली, मला पाहिलं, आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"जय भीम, पोरी!"

आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत जायचा तसाच.

मी म्हटलं, "नमस्कार मॅडम. वेलकम."

मॅडम. आयुष्यात मी त्यांना मॅडम म्हटलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, मेधाताईंकडे. एक क्षण लागला त्यांना. आयुष्यभर हेच वाचत आलेल्या बाई त्या. त्यांनी माझा हात सोडला.

"नमस्कार," त्या म्हणाल्या.

"तुम्ही ओळखता का एकमेकींना?" मेधाताईंनी हसत विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "आत्ताच भेट झाली."

मी तिथेच मेले असते तर बरं झालं असतं. माझं खोटं त्यांनी माझ्याआधी उचललं आणि स्वतःच्या डोक्यावर घेतलं. आईनं बाहीला टाके घातले होते तसं.

प्रास्ताविकात मेधाताई म्हणाल्या, "समाजाच्या तळागाळातून वर आलेल्या." दोनदा म्हणाल्या. कॉलेजचं नाव चुकवलं. मी स्टेजवर जाऊन गुच्छ दिला. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. त्या फोटोत बाई हसतायत आणि मी जमिनीकडे बघतेय. मी खाली येऊन तन्वीच्या शेजारी बसले.

बाईंनी माइक हातात घेतला. करारावर बोलल्या, तिकडच्या मुलींना इथं शिकायला मिळेल म्हणाल्या. मग थांबल्या.

"फुलं छान आहेत," त्या म्हणाल्या. "पण आमच्या कॉलेजात सत्कार फुलांनी करत नाहीत. पाण्यानं करतात." आणि त्यांनी ती रीत सांगितली. सगळी. का सुरू झाली तेही सांगितलं. "तुम्ही एवढ्या लांब मला आपलं म्हणून बोलावलंत. तर तुमच्यापैकी कोणीही मला पेलाभर पाणी द्या. मला तेवढं पुष्कळ झालं."

हे बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मुद्दाम बघत नव्हत्या. पण मला माहीत होतं. पाणी त्या माझ्याकडे मागत होत्या. नऊ वर्षांच्या खोट्यातून बाहेर यायला त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. जा. कोणी मागे ओढणार नाही.

स्टेजच्या पायरीशी टेबल होतं. टेबलावर पाण्याचा जग, पेले पालथे घातलेले. माझ्यापासून चार पावलं.

कोणी उठलं नाही.

शंभरेक माणसं असतील. कोणी वाईट नव्हतं. कोणी फोनकडे बघितलं, कोणी शेजारच्याकडे बघून हसलं, दुसरं कोणीतरी उठेल असं ज्याला त्याला वाटत होतं. मेधाताई जागेवरूनच म्हणाल्या, "अहो बाई, कार्यक्रमानंतर चहा आहेच की!" थोडे लोक हसले.

मी उठले नाही. मांडीवर हात घट्ट धरून बसले. आता उठलं तर सगळं कळेल, एवढं एकच डोक्यात होतं.

आणि तन्वी उठली.

"ममा, इश माख दास," ती म्हणाली. मी करते. तिला त्यात काहीच विशेष वाटलं नव्हतं. एक बाई पाणी मागतेय, जग समोर आहे. ती एक पाऊल पुढे गेली.

मी तिच्या जॅकेटची बाही धरली. ओढून खाली बसवलं.

टर्रर्र असा बारीकसा आवाज झाला. टाका तुटल्याचा. बाकी कोणाला आला नसेल ऐकू. मला आला. मी तो आवाज तीस वर्षं ओळखते.

बाईंनी पाहिलं. मग त्यांनी आपल्या पिशवीतून स्टीलची बाटली काढली, झाकण उघडलं आणि म्हणाल्या, "चला, मीच घेते." दोन घोट प्यायल्या. आभार मानून खाली उतरल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्यांना एस-बान स्टेशनपर्यंत सोडायला गेले. तेवढं काम मला दिलेलं होतं. छत्रीखाली दोघी, दहा मिनिटांची वाट. प्लॅटफॉर्मवर मी म्हटलं, "बाई, मला माफ करा."

"तुझं मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पुण्यात मला खोली मिळेना तेव्हा मी पण दुसरं आडनाव सांगून राहिले होते. दीड वर्ष. भिंतीवर एक फोटो लावायची हिंमत नव्हती मला. तू घाबरलीस, ते मला कळतं."

मला वाटलं, आता त्या माझ्या पाठीवर हात ठेवतील. त्यांनी ठेवला नाही.

"पण पोरीला का बसवलंस? ती तर घाबरली नव्हती."

गाडी आली. त्या चढल्या. काचेतून त्यांनी हात केला नाही, मीही केला नाही. गुच्छ त्यांच्या हातात नव्हता. हॉलमध्येच राहिला होता की ठेवला होता, मला माहीत नाही.

मी परत हॉलवर आले. आवराआवर चालली होती. तन्वी कोपऱ्यात तेच जॅकेट घालून बसलेली, बाही खांद्यापाशी उघडी. मेधाताई भांडी विसळत होत्या. मला बघून म्हणाल्या, "सोडलंस का? बरं झालं. जरा नाटकीच आहेत नाही त्या? पाणी काय, सत्कार काय. आणि तू तन्वीला बसवलंस ते फार छान केलंस हं. मुलांना कळत नाही गं कुठे जायचं नि कुठे नाही."

छान केलंस.

गुरुजींनी मला मागे ओढलं त्या दिवशी त्यांनाही कोणीतरी असंच म्हटलं असेल. छान केलंत गुरुजी.

मी म्हटलं, "मेधाताई, त्या माझ्या शिक्षिका आहेत. मी त्या कॉलेजची विद्यार्थिनी. माझ्या आईनं त्या कॉलेजच्या विटा वाहिल्यात. त्यांनी दारात मला जय भीम म्हटलं ते मला ऐकू आलं होतं. तुम्हालाही आलं होतं."

नळ चालू होता. मेधाताईंनी तो बंद केला.

"अगं," त्या म्हणाल्या. "आम्हाला काय माहीत! आम्ही कुठे असलं काही मानतो? आधी सांगायचंस ना."

"आधी सांगितलं असतं तर शाल दिली असती?"

स्वाती टेबल पुसत होती. तिनं तेच टेबल पुन्हा पुसलं. मला अजून बोलायचं होतं, कोथिंबिरीबद्दल, हसण्याबद्दल. पण हसले तर मीही होते. मी तन्वीला घेऊन निघाले. माझं कोशिंबिरीचं भांडं तिथंच राहिलं.

घरी मी तिची बाही शिवायला घेतली. तिनं जॅकेट माझ्या हातातून काढून घेतलं. मग मी तिला सगळं सांगितलं. मराठीतून सांगितलं. आपण कोण, आजी कोण, फाटक, जीप, फुलं. दारातला नमस्कारसुद्धा सांगितला. ती ऐकत राहिली. मला वाटलं रडेल, जवळ येईल.

"दू हास्ट मिश फेस्टगेहाल्टन," ती म्हणाली. तू मला धरून ठेवलंस.

बस. एवढंच. उठून आपल्या खोलीत गेली. जॅकेट उसवलेलंच घालते अजून, शाळेत सुद्धा.

बाईंना मी फोन केला होता. त्यांनी उचलला नाही. दुसऱ्यांदा केला नाही. मला त्यांच्याकडून माफी नको. माफी मिळाली तर मी पुन्हा आरामात कोशिंबीर करायला लागेन, माझा मला भरवसा नाही.

ऑगस्टमध्ये मंडळाचं संमेलन आहे. गेल्या महिन्यात यादी आली. मी त्यात माझं नाव लिहिलं. कंसात गाव लिहिलं, वस्तीचं नाव लिहिलं, कॉलेजचं नाव न चुकवता लिहिलं. आणि पदार्थाच्या रकान्यात लिहिलं, पाणी.

दोन दिवसांनी ते पुसलेलं होतं. मेधाताईंचा मेसेज आला. "पाणी हॉलमध्ये असतंच गं, म्हणून काढलं. तुझी कोशिंबीर लिहून ठेवलीय."

मी कोशिंबीर पुसली. पाणी लिहिलं.

पुन्हा पुसलं. पुन्हा लिहिलं. आजपर्यंत तीनदा पुसलं गेलंय. चौथ्यांदा लिहिलेलं आत्ता तिथं आहे, उद्या नसेल. नसलं तर पाचव्यांदा लिहीन. यादीतून काढलं तरी मी जाणार आहे. आईचा पितळी तांब्या मी गावाहून मागवून घेतलाय, निखाऱ्यांनी बूड काळं पडलेला. तो भरून मी हॉलच्या दारात उभी राहीन. येणाऱ्या प्रत्येकाला आधी जय भीम म्हणेन, मग पाणी पुढे करीन. प्यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. पण सगळ्यांसमोर ठरवावं.